काठी न मारलेली गादी

१

बुधवार होता. सांगलीतल्या दुकानात सकाळपासून फारसं कुणी फिरकलं नव्हतं. काउंटरमागे बसून मोहसीन एका लहान मुलीच्या चष्म्याच्या काड्या सरळ करत होता. डावी काडी आत दबलेली, उजवी बाहेर फाकलेली.

"खेळताना पडली," मुलीची आई म्हणाली.

पडून मोडलेला चष्मा वेगळा असतो. तो नाकापाशी तडकतो, काचेवर चरे उठतात. या काचांवर एक ओरखडा नव्हता. उजव्या हाताची चपराक डाव्या गालावर बसली की चष्मा असा वाकतो. बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला एवढं कळतंच. आणि कळलं नसतं तरी दीड महिन्यापूर्वी त्यानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीची फ्रेम अशीच सरळ करून दिली होती.

मुलगी काउंटरला धरून उभी होती. त्यानं चष्मा तिच्या कानांवर चढवला आणि म्हणाला, "आता सांभाळून वापरायचा हं." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच किळसवाणं वाटलं. म्हणजे चूक तिचीच होती तर.

तेवढ्यात फोन वाजला. रहिमतपूरच्या घराशेजारचे हंबीरराव. मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून कवायतीचा.

"मोहसीन, गड्या, कुठं हायस?"

"दुकानात. का हो काका?"

"इमामभाई गेला रं. दुकानातच. गादीवर बसला हुता, बसल्या जागी मान टाकली. लय सुखाचं मरान आलं बघ. तू नीघ आता."

मोहसीननं फोन ठेवला. मुलीच्या चष्म्याचा डावा स्क्रू अजून ढिला होता. गव्हाच्या दाण्याहून लहान स्क्रू. चष्मा पुन्हा उतरवून तो त्यानं पिळून घट्ट बसवला आणि मायलेकी गेल्यावर शटर ओढलं. त्याचा हात जराही थरथरला नाही. बाप मेल्याची बातमी ऐकलेला हात थरथरायला नको का, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

बायकोला, समीनाला, त्यानं एसटीतून फोन केला. सबाचा चष्मा वाकला त्याच संध्याकाळी ती मुलीला घेऊन वाईला, माहेरी निघून गेली होती. जाताना भांडली नव्हती. "हात थांबला की कळवा," एवढंच म्हणाली होती. थांबलेला हात फोनवरून कसा कळवायचा, हे त्याला दीड महिना उमगलेलं नव्हतं.

"मी मयतीला येते," समीना म्हणाली. "सबाला आणणार नाही."

ती आली, बायकांत बसली, अंधार पडायच्या आत परत गेली. जाताना दारात थांबून खालच्या आवाजात म्हणाली, "रविवारी सबाला आणते. एक दिवस. तिचे आजोबा होते ते. तुम्ही कसे वागता ते बघू, मग पुढचं."

२

शुक्रवारी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे पांगले. शनिवारी मोहसीन आणि त्याची मोठी बहीण शबाना अब्बांचं दुकान आवरायला बसली.

पुढं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान, मागं दोन खोल्या. कापसाचं तूस कुठं नव्हतं असं नाही. ट्यूबलाइटवर होतं, जळमटांना लोंबत होतं, चहाच्या सायीला चिकटत होतं. घोट घेतला की घशात केस अडकल्यासारखं व्हायचं. लहानपणी ही दोघं सकाळी उठून खाकरायची आणि पांढरं थुंकायची. मोहसीननं कपातलं तूस बोटानं काढलं, पँटला पुसलं, पुन्हा दुसरं दिसलं. त्यानं कप तसाच ठेवून दिला.

हंबीरराव भाकरीचा डबा घेऊन आले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून त्यांच्या घरून चार दिवस डबा येत होता.

"काय मानूस हुता!" बाकावर टेकत ते म्हणाले. "कबरस्तानात समदी हेच बोलत हुती. शिस्तीचा मानूस. दोन पोरं कशी सुतासारखी सरळ केली. तुमच्या घरात काठी, आमच्या घरात मिलिटरीचा पट्टा. गल्लीत एक प्वार बिघडलं न्हाई."

शबाना आतून म्हणाली, "काका, तुमचा मानसिंग कुठं असतो हल्ली?"

"आसंल की पुन्यात."

"कधी आला होता?"

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "झाली पाच-सा वर्सं. कामं आसत्यात त्येला."

"आमच्या घरातला आवाज येत असेल ना तुम्हाला?"

"आगं, पिंजाऱ्याच्या घरातनं काठीचा आवाज न्हाई येनार तर काय देवळातल्या घंटीचा येनार?" ते मोकळेपणी हसले. दातांत भाकरीचा कण होता. "आमाला वाटायचं, इमामभाईला आज लय आर्डर हाय."

मोहसीन हसला. सवयीनं हसला, आणि ते हसू चेहऱ्यावरून पुसून टाकावंसं त्याला वाटलं.

आवाज एकच असायचा, कारण कामही एकच असायचं. अब्बा मुलांच्या अंगाला हात लावत नसत. दुरुस्तीला आलेली जुनी गादी पसरायची, पोराला तिच्यावर आडवं करायचं, वळकटी करायची, गुडघा देऊन सुतळी आवळायची आणि मग काठी. वळ उठत नाही, हाड मोडत नाही. आत अंधार, परक्या माणसांच्या घामाचा आणि तेलाचा वास, तोंडात तूस. हललं की अब्बा म्हणायचे, "हललास? पहिल्यापासून." कधी कधी आतल्या आत गादी ओली व्हायची. मग ज्यानं ओली केली त्यानंच ती उचलून गच्चीवर उन्हात घालायची. खाली गल्लीतून बायका कौतुकानं बघायच्या, पोरं बापाला कशी मदत करतात.

शबाना आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती. पाटणला शाळेत शिकवत होती. गादीवर ती कधीच झोपली नाही. नवऱ्याच्या घरीही चटईवर, भिंतीला पाठ लावून. मूल होऊ दिलं नाही. का, ते नवऱ्यालाही सांगितलं नाही.

"बरं, ती धाकली गादी दिसली का?" उठता उठता हंबीरराव म्हणाले. "तुझ्या पोरीसाठी केलीया त्यानं. खोळीचं तोंड शिवलंय, काठी मारायची तेवढी राह्यली. म्या म्हनलं, मार की मर्दा. तर म्हनला, हात वर जात न्हाई आता. ल्योक आला की तो मारंल. हात माझाच हाय त्येचा."

३

गादी फळीखाली होती. अडीच बाय चार, पिवळ्या फुलांची खोळ. काठी न मारलेली गादी ओबडधोबड असते, कापूस कुठंही गोळा झालेला असतो. तशी ती घराबाहेर द्यायची नाही, हा अब्बांचा नियम. उद्या सबा येणार होती. आजोबांनी केलेली गादी तिला द्यावी, समीनानं ते बघावं, आणि त्यातून काही सुरळीत व्हावं, असं मोहसीनच्या मनात आलं. विचार साधा होता.

शबाना आत भांडी लावत होती. दुपारची, जोहरची नमाज होऊन गेली होती, भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजत होते. रस्त्यावर शाळेतून परतणाऱ्या पोरांचा गलका होता, दारातून ऊन आत आलं होतं. त्यानं सतरंजीवर गादी पसरली आणि काठी घेतली. जुनी काठी, धरायच्या जागी अब्बांच्या तळव्यानं काळी झालेली आणि किंचित चिकट.

डोक्याच्या बाजूनं सुरुवात करायची, एका ओळीत खाली यायचं, मग दुसरी ओळ. धप, धप, धप. कापूस पसरतो, आवाज कोरडा येतो. तीस वर्षांनी काठी धरली होती, पण हाताला सगळं आठवत होतं.

मध्यभागी एक गाठ होती. नारळाएवढी. तिच्यावर काठी पडली तेव्हा आवाज बदलला. कोरडा राहिला नाही. भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखा आला.

जुना कापूस असेल, त्याला वाटलं. अब्बांनी नीट पिंजला नसेल, वय झालं होतं. त्यानं पुन्हा मारलं. गाठ पायथ्याकडे सरकली. यातही नवल नव्हतं. काठीखाली कापूस सरकतोच.

चौथ्या-पाचव्या वेळी मात्र त्याच्या लक्षात आलं. काठी पडल्यावर कापूस सरकतो. ही गाठ काठी वर गेली की सरकत होती.

तो थांबला. काठी डोक्यावर तशीच धरून त्यानं बघितलं. पिवळी फुलं खालच्या कोपऱ्याकडे हळूच ओढली गेली, आणि तिथं काहीतरी दुमडून लहान झालं. त्यानं काठी खाली घेतली. गाठ स्वस्थ. पुन्हा उचलली. पुन्हा ती कोपऱ्यात दबली.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पुढं काय झालं ते मोहसीननं नंतर कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याला राग आला. कापसाच्या गाठीचा राग. आपण गादी सरळ करायला बघतोय आणि ही चुकवते. त्यानं मारलं, आणि हाताला बरं वाटलं. खांद्यापासून मनगटापर्यंत काहीतरी मोकळं झालं, ढेकर आल्यावर पोटाला वाटतं तसं. त्यानं आणखी मारलं. कपाळावरून घाम ओठांवर आला, त्याला तूस चिकटलं, ते त्यानं चाटलं. कोपऱ्यातली गाठ उसळली.

"हललीस?" तो म्हणाला. "पहिल्यापासून."

आवाज त्याचाच होता. त्यानं "हललीस" म्हटलं होतं. अब्बा ज्या सुरात म्हणायचे त्याच सुरात, फक्त मुलीला म्हणावं तसं.

४

काठी त्याच्या हातातून सुटली. आत भांड्यांचा आवाज कधी बंद झाला होता कोण जाणे.

"आपा?"

तो आत गेला. शबाना ओट्याखाली बसली होती. गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर दाबलेली. पाचवी ते दहावीला गणित शिकवणारी बाई. पायापाशी एक ताट उपडं पडलं होतं.

"आपा, ऊठ. मी गादी सरळ करत होतो."

"तो गादीचा आवाज नव्हता," ती ओट्याखालूनच म्हणाली.

"गादीच होती. चल, बघ तू."

"मला आवाज कळत नाही होय रे? रिकाम्या गादीचा आणि भरलेल्या गादीचा?" ती त्याचा हात धरून बाहेर आली. तिचा तळवा गार आणि ओला होता. "गल्लीला कळला नाही. मला कळतो."

ती दुकानाच्या दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. पुढं आली नाही. तिनं नुसतं बोट दाखवलं.

गादीच्या खालच्या कोपऱ्यात डाग होता. पिवळ्या फुलांमधून पसरत चाललेला, कडेनं गडद. वास त्याआधीच आला होता. मोहसीननं वाकून हात लावला. कापड ओलं होतं आणि ऊबदार होतं. आतूनच ओलं झालेलं. बोटं नाकाशी नेण्याची गरज नव्हती, तरी त्यानं नेली. मुलाच्या मुताचा तो वास त्याच्या चांगला ओळखीचा होता. अंगणातल्या नळावर जाऊन त्यानं साबणानं हात धुतले, तीन वेळा, आणि चौथ्या वेळी तिथंच ओकला.

"अब्बा याच गादीवर बसून गेले असतील," तोंड पुसत तो म्हणाला. "मरताना माणसाचं सुटतं. तेच असणार."

"बुधवारी गेले अब्बा. आज शनिवार आहे."

"कापूस ओल धरतो, आपा."

"ऊबसुद्धा धरतो?"

शबानानं फळीवरची मोठी कात्री काढली आणि त्याच्यापुढं धरली. "तोंड उसव. कापूस निघाला तर कापूस. मी वेडी ठरेन, ठरू दे. पण उसव."

"तू उसव ना मग."

"काठी तू मारलीस," ती म्हणाली.

५

कात्री हातात घेतली तेवढ्यात फोन वाजला. समीना.

"उद्याचं राहू द्या," ती म्हणाली. "आम्ही येत नाही."

"का? काय झालं?"

"सबा शाळेतून आली, ताट वाढलं, जेवता जेवता उठली आणि पलंगाखाली जाऊन बसली. हाका मारून दमले. गुडघे पोटाशी घेऊन डोक्यावर हात धरून बसलेली. कपडे ओले केले तिनं. सात वर्षांची मुलगी! चौथं वर्ष लागल्यापासून तिनं असं कधी केलेलं नाही." समीना रडत नव्हती. तिच्या आवाजात रडण्याहून वाईट काहीतरी होतं, उष्ट्या ताटात झुरळ दिसल्यावर येतं तसं. "उद्या अब्बूकडं जायचं म्हणून सकाळी सांगितलं होतं मी. त्याचीच भीती घेतली असणार तिनं. बघा, काय करून ठेवलंय तुम्ही."

"किती वाजता?" मोहसीननं विचारलं.

"काय किती वाजता?"

"पलंगाखाली कधी गेली?"

"घड्याळ बघून जातं का मूल? सव्वादोन, अडीच. का?"

"काही नाही. मार लागलाय का तिला? पाठ बघितलीस?"

समीना अगदी हळू म्हणाली, "असं का विचारताय तुम्ही?"

त्यानं फोन बंद केला.

समीना म्हणते तेच खरं असणार. भ्यायलेलं मूल असंच वागतं. आपाही तशीच वागली, आवाजानं. दोन घरांत एकाच वेळी दोन भ्यायलेली माणसं लपून बसली, यात न समजण्यासारखं काय आहे? हे सगळं त्यानं मनात नीट मांडलं आणि गादीपाशी बसला. खोळीचं तोंड पायथ्याला होतं, डागाच्या वर. अब्बांचे टाके, एकसारखे. त्यानं कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं.

कोपऱ्यातली फुलं हलत होती. वर, खाली. वर, खाली. पळून आलेल्या पोराच्या पोटासारखी. आणि टोक टाक्याला लागलं तेव्हा कापडाच्या आतून, शिवणीला लागून, चार बारीक उंचवटे एका ओळीत उमटले. कुणीतरी आतून शिवण घट्ट मिटून धरावी तसे.

आत कापूस असेल तर मोहसीन सुटला होता. आत दुसरं काही असेल तर ते बाहेर येऊन त्याच्याकडे बघणार होतं, आणि मघाशी कोण मारत होतं हे त्या आतल्याला ठाऊक असणार होतं. मोहसीनला मरणाची भीती वाटली नाही, भुताची वाटली नाही. आपल्याकडे कुणीतरी बघेल याची त्याला किळस आली.

त्यानं कात्री ठेवली. डोक्याच्या बाजूनं गादी उचलली आणि गुंडाळायला सुरुवात केली.

"वळकटी नको करू!" शबाना दारातून ओरडली. "मोहसीन, वळकटी नको रे, आतमध्ये..."

तो झपाझप गुंडाळत गेला. शेवटचा वेढा बसेना, तेव्हा त्यानं वर गुडघा दिला. सुतळी आवळली. दोन गाठी मारल्या. गाठी बरोबर बसल्या, हात जराही थरथरला नाही. मग वळकटी दोन्ही हातांत धरून त्यानं माळ्यावर सारली. ती अडीच बाय चारच्या गादीला शोभेल एवढीच जड होती. की थोडी जास्त, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

शबाना तोवर रस्त्यावर निघून गेली होती. चपला न घालता.

६

चाळिसावा झाला, त्यालाही आता पाच महिने होऊन गेले. शबाना आली नव्हती. ती फोन घेत नाही.

सबा वाईलाच आहे. समीनानं तिला दोन डॉक्टरांना दाखवलं. अंगावर खूण नाही, हाडं ठीक, रक्त ठीक. फक्त ती पाय सरळ करून झोपत नाही. आणि बोलताना मधूनच थांबून तोंडातून काहीतरी बोटानं काढते, बघते, फ्रॉकला पुसते. समीनाला तिथं काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, मनातलं आहे, वेळ जाऊ द्या, घरात मोठ्यांनी हात उगारू नये. समीनानं हे मोहसीनला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, दीड महिना आणि वर सहा महिने झाले, मी कुणावर हात उगारलेला नाही. ते खरंही होतं, सतरंजीवरची ती दुपार सोडली तर.

महिन्यातून एकदा तो रहिमतपूरला जातो. हंबीरराव हाक मारतात, "काय गड्या, इकून टाक की आता घर." तो बघू म्हणतो. कुलूप काढतो, झाडतो, खिडक्या उघडतो, माळ्याखाली स्टूल ठेवतो. एकदा स्टुलावर चढलाही होता. कात्री खिशात होती. वळकटीला कान लावायची त्याला छाती झाली नाही, पण सुतळीला त्यानं हात लावला. एव्हाना ती सैल पडायला हवी होती, पण ताणलेली होती.

तो खाली उतरला, स्टूल जागेवर ठेवलं आणि चारच्या गाडीनं सांगलीला परत आला.

गादी उसवायची राहिली आहे.